चाळीस मिनिटांची कॅसेट

दगडू तायडे केबिनमधून बाहेर आला तेव्हा मीराबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आत जाऊन त्याला चार मिनिटंही झाली नव्हती. कपाळावरचा घाम भुवयांत उतरला होता, कान तांबडे झाले होते, आणि हातातल्या फाइलचा कोपरा त्याने चुरगळून पार मऊ केला होता.

"काय विचारलं?"

दगडूचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"आवाज काढा. हे काही मिलमधलं लूमखातं नाही."

"नाव," तो म्हणाला.

"मग?"

तो जिन्याकडे बघू लागला.

"म्हणजे नाव विचारलं आणि तुम्ही नाव नाही सांगितलं."

त्याने मान हलवली. निदान खोटं तरी बोलायचं, तर तेही नाही.

"पुढे?"

"मग म्हणाले, पानी पिओगे क्या."

"मग?"

"तेही नाही सांगितलं."

मीराबाईने पदर खोचला आणि ती जिना उतरू लागली. रागात असली की ती भरभर चालायची आणि दगडूला मागे मागे यावं लागायचं. चौऱ्याण्णवचा मार्च होता आणि इंदूरच्या सांवेर रोडवरची ही तिसरी फॅक्टरी. पहिल्या ठिकाणी याने प्रश्न ऐकून नुसती हाताची घडी घातली होती, तर साहेबाला वाटलं माणूस माजोरी आहे. दुसऱ्या ठिकाणी लिहून द्या म्हणाले, तर लिहितानाही समोरचा बघतोय म्हणून याने कागद कोराच परत दिला. बरं, माणूस भित्रा म्हणावा तर तसाही नाही. मिलमध्ये एकदा शेजाऱ्याच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली तेव्हा चालत्या मागात हात घालून त्याला यानेच ओढून काढलं होतं. अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे. तो हात मागात जातो, पण तोंडातून नाव निघत नाही. याला काय म्हणावं, ते मीराबाईला तेवीस वर्षांत कळलं नव्हतं.

तेवीस वर्षं लग्नाची. त्याआधी ती फसली ती अशी.

ती तेव्हा मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होती, बॉबिनवर सूत भरायला. शेजारी लूमखातं. तिथे चारशे माग एका वेळी चालत. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून तिथे कुणी ओरडतच नसे. कामगार ओठांनी बोलत. आवाज अजिबात काढायचा नाही, शब्द तेवढा ओठांवर नीट घडवायचा. जोडीला हातांच्या खुणा. मनगटावर दोन बोटं म्हणजे सुट्टीला किती वेळ आहे. अंगठ्याने कपाळ पुसलं म्हणजे जॉबर, खात्याचा मुकादम, येतोय, सांभाळा. नव्या माणसाला ही भाषा यायला सहा महिने लागत. दगडूला तीन आठवडे लागले.

दोन्ही खात्यांच्या मध्ये एक रुंद दरवाजा होता. त्यातून मीराबाईला कोपऱ्यातल्या मागावरचा सडपातळ मुलगा दिसे. आणि तो बोलत असे. जॉबरच्या मिश्यांवर बोले. कँटीनच्या चहात बुडालेल्या माशीची जन्मापासूनची हकिकत सांगे. त्याचे आजोबा महूच्या छावणीत हवालदार होते, त्यांची परेड तो नुसत्या ओठांनी करून दाखवी. वाइंडिंगच्या बाया हसता हसता सूत तोडत आणि जॉबरच्या शिव्या खात. मीराबाईचा बाप घुमा, भाऊ त्याहून घुमा. तिला वाटलं, असा बोलका नवरा मिळाला तर घरात जीव रमेल. त्याने विचारलं तेही त्या दरवाजातूनच, तीस हातांवरून, चारशे मागांच्या धडधडाटात. ती ओठांनीच म्हणाली, रविवारी येऊन बाबांना भेटा.

बाबांना भेटायला आला तो पांडुरंगला घेऊन. पांडुरंग त्याच्या खात्यातला जॉबर, मिश्यांचा तोच. सगळं बोलणं पांडुरंगने केलं. मीराबाईला वाटलं, रीत असेल.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि तो काय बोलतो याची वाट पाहत समोर बसली. चहा गार झाला. गडबडीत ती साखर घालायची विसरली होती. तेही त्याने सांगितलं नाही. तसाच प्यायला. आधी तिला वाटलं लाजतो. मग वाटलं रागावला. सहा महिन्यांनी उमगलं, की आपण ज्या माणसाशी लग्न केलं तो मिलमध्येच राहतो. भोंगा झाला की गेटातून बाहेर येतो तो दुसराच.

त्या दुसऱ्याबरोबर तिने पंचम की फेल या वस्तीत संसार केला. रेशनच्या दुकानात ती. मुलीच्या शाळेत ती. पाव्हणे आले की बोलायला ती, आणि हा दाराआड चपला सरळ करत बसलेला. विहारात वंदनेला सगळ्यांबरोबर त्याचे ओठ हलायचे, पण शेजारी उभं राहून कान दिला तर काही ऐकू यायचं नाही. तंबाखू आणायला गेला तर चार दुकानं सोडून ज्या दुकानावर गिऱ्हाईक नाही तिथे जायचा. आणि टेम्पो. टेम्पोत बसला की उतरायची जागा आल्यावर 'रोकना भिया' एवढंच म्हणायचं असतं. ते त्याला म्हणवत नसे. दुसरं कुणी थांबवलं तर उतरायचा, नाहीतर शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन पायी परत यायचा. वर मीराबाईने विचारलं तर म्हणायचा, "जरा पाय मोकळे केले."

मिल चालू होती तोवर हे निभावलं. रोज आठ तास तो तिकडे पोटभर बोलून येत होता. एक्याण्णवच्या हिवाळ्यात मिल बंद पडली. त्यानंतर दगडू घरात बसून लोकांच्या खाटांना नायलॉनची पट्टी विणून देऊ लागला. खाटा बोलत नाहीत, म्हणून ते जमलं. पण वस्तीत किती खाटा असणार. मीराबाई अंगणवाडीत मदतनीस होती, मुलगी संबोधी एका नर्सिंग होममध्ये नर्स लागली होती. सुरतेहून दगडूच्या मावसभावाचा निरोप आला होता: इकडे पॉवरलूमवर ये, खोलीत अकराजण आहेत, बारावा तू. दिवाळीपर्यंत इंदुरात काही झालं नाही तर जाणं भाग होतं. ज्याला पाणी पिणार का याचं उत्तर देता येत नाही तो अकरा परक्या माणसांत एकटा कसा राहील, या विचाराने मीराबाई रात्री उठून बसायची. पण घरात ती तसं म्हणायची नाही. म्हणायची, "जा सुरतेला. तिकडे तरी टेम्पोवाला तुम्हाला समुद्रापर्यंत नेईल."

एकच फॅक्टरी उरली होती. पांडुरंग तिथे लागला होता. प्लास्टिकच्या पट्ट्यांची पोती विणायचा कारखाना, गोल फिरणारे माग, आणि धागा तुटला की आवाजावरून ओळखणारा माणूस त्यांना हवा होता. "भाभी, काम याच्याच लायकीचं आहे," पांडुरंग म्हणाला. "पण मॅनेजरसमोर मी नाही बोलू शकत याच्या बदल्यात. एकदा बोललो ना, तुमच्या बाबांसमोर. तेवढं बस झालं."

"त्याचे भोग मीच भोगतेय भिया."

"मशिनं लागायला अजून दोन-तीन महिने आहेत. तोवर काही बघा."

काय बघायचं ते संबोधीने पाहिलं. तिच्या नर्सिंग होममध्ये आठवड्यातून दोनदा डॉ. दिनानाथ मुजुमदार म्हणून मनाचे डॉक्टर येत. ते लेनिनग्राडला शिकले होते आणि एक्याण्णवमध्येच परत आले होते. त्या एका वर्षात कुणाची मिल बंद पडली होती, कुणाचा देश.

"बाबांचा स्वभाव नाही आई, हा आजार आहे," संबोधी म्हणाली. "त्याला नाव आहे."

"नाव असू दे. तुझे बाबा स्वतःचं नाव सांगत नाहीत, आजाराचं काय सांगणार."

डॉक्टर पस्तिशीचे, अंगात रशियन स्वेटर, तोही एप्रिलमध्ये. त्यांनी दगडूला विचारायला सुरुवात केली आणि मीराबाईने उत्तरं द्यायला. चौथ्या प्रश्नाला ते थांबले.

"मीराबाई, प्रश्न दगडूजींना आहे."

"ते नाही सांगणार जी."

"थांबून पाहू."

"मी तेवीस वर्षं थांबून पाहिलंय."

तीन बैठका झाल्या. तिन्ही मिळून दगडू अकरा शब्द बोलला. मीराबाईने मोजले होते, त्यांतले सहा 'हो' होते. तिसऱ्या बैठकीत डॉक्टरांनी एक वेगळीच गोष्ट काढली. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं एक इंजेक्शन असतं. ते थोड्या प्रमाणात दिलं तर माणूस झोपत नाही आणि धड जागाही राहत नाही. मन शरीरापासून जरा बाजूला सरकतं, एरवी दिसत नाही ते दिसतं, आणि ज्या गोष्टीला माणूस हात लावत नाही तिच्याजवळ जायची हिंमत होते. लेनिनग्राडला दारू सोडवायला हे करत, आणि डॉक्टरांनी तिथे तीन वर्षं हाताखाली काम केलं होतं. औषध एकटं काही करत नाही. आधी बोलायचं, नंतर बोलायचं, मध्ये औषध.

"चार लोकांच्या भीतीवर हे चालतं का?" मीराबाईने विचारलं.

"मला माहीत नाही. चालावं असं वाटतं. तिथे एक-दोघांवर चाललेलं पाहिलं."

मीराबाईने मुलीकडे पाहिलं. शिकलेला डॉक्टर, आणि म्हणतो माहीत नाही. हेच ऐकायचं होतं तर घरी एक माणूस होताच.

डॉक्टरांनी जोखीम समजावली, कागद वाचून दाखवला, हृदयाची तपासणी लिहून दिली, भूलतज्ज्ञ बाई शेजारी बसतील म्हणाले. दगडू सगळं ऐकत होता. बाहेर रस्त्यावर आल्यावर तो उभा राहिला आणि ओठांनी म्हणाला: पाचवं शील.

दगडूने आयुष्यात दारू प्यायली नव्हती, भांगेला हात लावला नव्हता. मिलमध्ये पगाराच्या दिवशी सगळे कलालीकडे वळत तेव्हा हा सरळ घरी येई. नशेपासून दूर राहीन हे तो दर पौर्णिमेला विहारात म्हणत आला होता. आवाज न काढता का होईना, म्हणत आला होता.

मीराबाईचं डोकं तापलं. या माणसाला तेवीस वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर ठाम मत झालं, ते नेमकं आता.

"शील कशासाठी आहे? पिऊन माणूस बेताल होऊ नये म्हणून. तुम्हाला एकदा तरी बेताल होता आलं असतं तर आज नोकरी असती." मग रस्त्यावरचे लोक बघतायत हे लक्षात येऊन ती हळू झाली. "अपेंडिक्सच्या वेळी भूल दिली होती ना. तेव्हा शील कुठे गेलं होतं."

यावर त्याने बराच विचार केला. पाटनीपुऱ्याच्या चौकापर्यंत केला. तिथे तो म्हणाला, आवाजाने म्हणाला, "तू खोलीत बसशील?"

डॉक्टरांचा तिला आत बसवायला विरोध होता. शेवटी एका अटीवर तयार झाले: काही झालं तरी एक शब्द बोलायचा नाही. मीराबाईला ही अट इंजेक्शनपेक्षा भारी वाटली.

मेचा दुसरा रविवार, सकाळचे दहा. नर्सिंग होमच्या मागच्या खोलीत पलंग, डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी, टेपरेकॉर्डर दोन. एकावर लेनिनग्राडहून आणलेलं संथ संगीत वाजणार. दुसरा दगडू जे काही बोलेल ते टिपणार. दुसऱ्या दिवशी त्याला ते ऐकवायचं, कारण नंतर नीट आठवत नाही. ती कॅसेट म्हणजे अर्धा उपचार, असं डॉक्टर म्हणत. लाइट जाते म्हणून त्यात सेल घातलेले. संबोधी रक्तदाब मोजायला, भूलतज्ज्ञ बाई नाडीवर बोट ठेवून. मीराबाई पायथ्याशी स्टुलावर, तोंड घट्ट मिटून.

इंजेक्शन दिलं. संगीत सुरू झालं. पाचच मिनिटांत लाइट गेली.

संगीत बंद पडलं. आणि खिडकीखाली कंपाउंडरने जनरेटर ओढला. जुना डिझेल जनरेटर होता तो. खोलीची तावदानं थरथरू लागली, ट्रेमधल्या बाटल्या किणकिणू लागल्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. एवढी तयारी करायची, आणि हे. ते काहीतरी म्हणाले, पण ते कुणालाच ऐकू आलं नाही.

दगडूने मान जराशी वळवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याचे ओठ हलू लागले.

डॉक्टर वाकले, त्याच्या तोंडाशी कान नेला, मान हलवून मागे झाले. आवाज नव्हता. या औषधाने कधी कधी तोंडाच्या स्नायूंची चाळवाचाळव होते; त्यांनी वहीत तसं लिहिलं. दगडूचे हातही वर आले, तुटलेलं सूत जोडल्यासारखी बोटं फिरली. तेही त्यांनी लिहिलं.

पायथ्याशी मीराबाई स्टुलाच्या कडेला आली होती. तिला शब्दन् शब्द दिसत होता. तो दरवाजातला मुलगा परत आला होता.

दगडू लूमखात्यात चालला होता. सगळे माग चालू आहेत, म्हणाला, आणि एकावरही माणूस नाही. किती छान आवाज आहे. तो एकेका मागासमोर थांबून ज्याचा तो माग त्याला हाक मारत होता, त्याची थट्टा करत होता. पांडुरंगच्या मिशीला त्याने एक नवं नाव ठेवलं, आणि मीराबाईला हसू आवरायला पदराचा बोळा तोंडात धरावा लागला. मग तो फोल्डिंग खात्याच्या दाराशी आला आणि अडला.

फोल्डिंग खातं मिलमधलं सगळ्यात शांत. विणलेल्या कापडाचा अख्खा ताका तिथे काचेच्या टेबलावर पसरत, खालून दिवा लावत, आणि कुठे धागा सुटलाय, कुठे डाग पडलाय ते बघून खडूने गोल करत. मग विणकराला बोलावून सगळ्यांसमोर त्याचा दोष दाखवत.

इथे मला येववत नाही, दगडू म्हणाला. शांत खोली म्हटली की हेच टेबल येतं. मी एक शब्द काढला की तो टेबलावर पडतो. खालून दिवा लागतो. सगळे वाकून बघतात. नाव सांगितलं तरी बघतात. दगडू, म्हणे, हे काय नाव. बापाने ठेवलं ना. मग मी शब्द काढतच नाही. ताकाच नसला तर दोष कसा निघेल.

मग तो म्हणाला: मीरा पण टेबलाशी उभी आहे. तिच्या हातात खडू आहे.

मीराबाईच्या तोंडातून शब्द येणार होता. अट आठवून तिने तो गिळला. त्यानंतरही तो बोलत राहिला, पण तिला पुढचं धड दिसलं नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी दगडू डॉक्टरांसमोर बसला. रात्री उलटी झाली होती, आता बरा होता. काही मोठं, उजेडाचं दिसलं एवढं आठवत होतं. डॉक्टरांनी कॅसेट लावली. आधी जरा संगीत, मग जनरेटरची धडधड. त्यांनी पुढे पळवली. जनरेटर. बाजू उलटली. जनरेटर, मध्ये एकदा बाहेर कुणीतरी 'डिझेल देख ले' म्हणतं. डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले, "चाळीस मिनिटं. एक शब्द नाही. आपण पुन्हा एकदा करू, दुसरीकडे कुठे, शांत जागी."

"शांत जागी केलं तर काहीच नाही निघणार," मीराबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"ते चाळीस मिनिटं बोलत होते जी. तेवीस वर्षांत घरी जेवढं बोलले नाहीत तेवढं."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेपकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिने लूमखात्याची भाषा समजावली. डॉक्टर उठून उभे राहिले, बसले, वहीतलं 'स्नायूंची चाळवाचाळव' खोडलं आणि पेन सरसावून म्हणाले, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात, एक शब्द बोलायचा नाही."

मग तिने सगळं सांगितलं. रिकामे माग, मिशी, टेबल, खालचा दिवा. सांगता सांगता दगडूचं डोकं वर येत गेलं. जणू विसरलेला पत्ता कुणी वाचून दाखवतंय. खडूपाशी येऊन ती थांबली. ते गाळता आलं असतं. कॅसेटवर नव्हतंच ते, तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत ती म्हणाली, "आणि म्हणाले, मीराच्या हातात खडू आहे."

खोलीत शांतता झाली. डॉक्टर लिहायचे थांबले. त्या शांततेत दगडू म्हणाला, "असं म्हणालो मी?" आवाज घोगरा होता, पण होता.

"म्हणालात."

"औषधात होतो."

"औषधातच खरं निघालं. राहू द्या आता."

डॉक्टरांनी पुढचे काही आठवडे फार महत्त्वाचे आहेत असं सांगितलं. मन जरा सैल झालेलं असतं, तेवढ्यात नवी सवय लावून घ्यायची. दगडूने रोज एका माणसाशी एक वाक्य बोलायचं, सोप्यापासून सुरुवात. आणि मीराबाईने त्याचं वाक्य पुरं करायचं नाही, सुधारायचं नाही, नंतर कसं झालं म्हणून विचारायचं नाही.

आजार त्याचा आणि पथ्य हिला.

सुरुवात टेम्पोपासून केली. पहिल्या दिवशी स्टॉप आला, गेला. मीराबाईने दोन्ही हातांनी सीटची दांडी धरली होती. शेवटच्या स्टॉपला उतरून दोघं उन्हात दोन किलोमीटर परत चालत आली. ती एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तो 'रोकना' म्हणाला, पण इतक्या हळू की फक्त शेजारच्या बकरीने कान हलवला. आठव्या दिवशी शेजारच्या सीटवरची आनंदीबाई, त्यांच्याच गल्लीतली, वैतागून म्हणाली, "काय गं मीरा, तोंडात गुळणी धरलीस का? सांग ना त्याला थांबायला." मीराबाईने डोळे मिटून घेतले. जन्मात तिने कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, आणि आता टेम्पोत बसून हे.

जूनमध्ये डॉक्टरांनी आणखी एकदा इंजेक्शन दिलं, या वेळी जनरेटर मुद्दाम चालू ठेवून. तिसऱ्याला दगडूने नकार दिला. बस, म्हणाला, दोनदा शील मोडलं. आणि तो चांगला मोठ्याने म्हणाला, म्हणून डॉक्टरांनीही आग्रह केला नाही. तोवर तो तंबाखूवाल्याला नाव घेऊन हाक मारू लागला होता. टेम्पो मात्र दहातून चारदाच थांबायचा.

जुलैच्या शेवटी पांडुरंगचा निरोप आला. मशिनं लागली, सोमवारी या.

केबिन काचेची होती. बाहेरच्या बाकावर मीराबाई बसली तिथून आतलं सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मॅनेजरने बसायला सांगितलं. दगडू बसला. मॅनेजरने कागद पुढे ओढला आणि काहीतरी विचारलं. काय विचारलं ते कळायला ओठ वाचायची गरज नव्हती.

दगडूचे कान तांबडे होऊ लागले. त्याने मांडीवर हात चोळले. त्याचे ओठ हलले आणि मीराबाईला स्वच्छ दिसलं: दगडू तायडे. पण मॅनेजर तसाच बघत होता, भुवया वर करून. आवाज निघाला नव्हता.

मीराबाई अर्धी उठली. दोन पावलांवर दार होतं. ढकलायचं आणि सांगायचं, साहेब, वीस वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही यांना मशिनवर उभं करा, मग बघा. दोन मिनिटांचं काम. तिला येत होतं ते. आयुष्यभर तेच केलं होतं.

तेवढ्यात दगडूने काचेतून तिच्याकडे पाहिलं. मदत मागत नव्हता तो. ती बघतेय का, एवढंच बघत होता.

मीराबाई खाली बसली. मग ती बाकावर बसल्या बसल्याच फिरली आणि काचेकडे पाठ केली. समोर भिंत होती, तिच्यावर आग विझवायची वाळूची लाल बादली टांगलेली. तिने बादली बघितली. बादलीवर काय लिहिलंय ते तीनदा वाचलं. पाठीमागे काय चाललंय हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच माहीत नव्हतं आणि तिच्या मानेला कळ लागली होती.

बरंच झालं. मग दार उघडल्याचा आवाज, दोन जोड्या पावलं, आणि मॅनेजर कुणाशी तरी बोलत शेडकडे गेला. शेडचं दार उघडलं तशी आतल्या मागांची धडधड एकदम बाहेर आली आणि पुन्हा बंद झाली. ती फिरली नाही. अर्ध्या तासाने दगडू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. शर्टाला तेल लागलं होतं.

तिने काही विचारलं नाही. जीभ दाताखाली धरली होती.

टेम्पोत पांढरं तोंड करून ती बाहेर बघत बसली. मरीमाता चौक गेला. अजून तो काही सांगेना. हा माणूस आता मुद्दाम करतोय, अशी तिची खात्री झाली.

"विचार ना," दगडू म्हणाला.

"डॉक्टरांनी मना केलंय."

"एक तारखेपासून. तीन महिने ट्रायल."

तिने सीटची दांडी सोडली. सुरतेला पत्र टाकायला हवं, पहिलं तेच सुचलं. मग म्हणाली, "आत काय बोललात?"

"बोललो."

"काय पण?"

"आता आठवत नाही."

"आज तर औषधही नव्हतं."

तो खिडकीकडे तोंड फिरवून हसला. पुढे तो त्या कारखान्यात अकरा वर्षं होता, नव्या पोरांना ओठांची भाषा शिकवून आला, पण त्या दिवशी काचेआड काय म्हणाला ते त्याने तिला कधी सांगितलं नाही. ती अधूनमधून विचारत राहिली, पथ्य मोडून.

"रोकना भिया," दगडू एकदम म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि समोरच्या बाईच्या पिशवीतले बटाटे खाली गडगडले.

त्यांचा स्टॉप अजून दोन चौक पुढे होता. मीराबाईला ते दिसत होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि पदर खोचून टेम्पोतून खाली उतरली.